पहाडातल्या देवाचा भगत

आमच्या पहाडातल्या देवाच्या भगताला उत्तर देण्याआधी प्रश्न विचारायची खोड होती. माणूस नारळ ठेवून बसला, की हा डोळे मिटूनच म्हणायचा, "तुह्या मनात काय हाय, थे आंधी सांग." मग जे मनात असेल तेच देवही बोलायचा. असा मिंधा देव मी दुसरा पाहिला नाही.

अचलपूरच्या वर, सागाच्या रानात, गाडीवाट संपते त्याच्याही पुढे तो शेंदराचा दगड. कौलाची रीत सोपी. ओल्या शेंदरावर दोन पिकांचे दोन दाणे लावायचे. आधी पडेल तो देवानं दिला. दाणे लावायचा मात्र भगतच. नको असलेला दाणा अंगठ्यानं दाबून बसवायचा, हवा असलेला नुसता टेकवायचा. ही लबाडी आंधळ्यालाही दिसावी, पण गरजवंताला अक्कल नसते.

अंगात आलं की घुमायचा, तेही बेतानं; पागोटं सुटायला लागलं की एका हातानं सावरून घ्यायचा. एकाचा बैल हरवला, तर म्हणे, "उगवतीले गेला." बैल सापडला मावळतीला. भगताला त्याचं काही नाही. "तुले पाहून फिरला असन," म्हणाला.

मग विलायतेकडे कुठंशी लढाई जुंपली, कापसाचा भाव चढला आणि बैलांच्या शिंगांना चांदीच्या शेंब्या आल्या. ज्याच्या त्याच्या मनात सरकी, म्हणून देव ज्याला त्याला सरकीच देऊ लागला. मीही निघालो. निघताना बायको म्हणाली, "धाकलं वावर जवारीलेच मांगजा. लेकरं रुपये चावतीन का?" भगतानं मनातलं विचारलं. मी सरकी सांगितली. सरकी पडली. घरी येऊन म्हणालो, "मी जवारीच मांगतली होती, देवानं आयकलं नाही."

त्या दिवशी परतताना देवाच्या दगडाखालच्या भगताच्या शेताच्या तुकड्यात पाहतो, तर हा स्वतः ज्वारी पेरायच्या तयारीत. मी टोचलं, "काहो, देवाले इचारलं का?" तो म्हणाला, "माह्या पोटाचं देवाले काहून इचारू?" हे मी गावभर सांगितलं आणि सगळे पोट धरून हसलो.

लढाई संपली. भाव कोसळला. आमच्या घरात आढ्यापर्यंत कापूस आणि कणगीत उंदीर. ज्वारी कुणीच पेरली नव्हती, तर बाजारात येणार कुठून? दोन्ही पोरं अंबाडीच्या भाजीवर दिवस काढत होती. ती भुकेली झोपायची तेव्हा मला बायकोकडे पाहवत नसे.

अशात एके सकाळी भगत बैलावर ज्वारीचं पोतं टाकून आमच्या दारात उतरला. बायकोनं पदर सावरत त्यालाच विचारलं, "भगतबुवा, आमी जवारी मांगतली, त् देवानं सरकी काहून देल्ली?" भगतानं एकदा माझ्याकडे पाहिलं. मग पोतं ओट्यावर टेकवत म्हणाला, "त्यानं जवारीच मांगतली होती व, बाई. देवाचंच चुकलं."

भगत पुढं तापानं गेला. त्याला मी आजही लबाडच म्हणतो. पण त्या दिवशीची त्याची लबाडी मी मुकाट्यानं घरात घेतली, आणि बायको जाईपर्यंत तिला खरं सांगितलं नाही.