मराठी फायली शेजारच्या टेबलावर

लेफ्टनंट कर्नल शुभदा सरपोतदार यांच्या नाकावर कधी माशी बसली नाही. बसली असती, तर तिलाही त्यांनी रीतसर अर्ज करायला लावला असता.

त्या सिंगापूरच्या लष्करातल्या वकील. अठराव्या वर्षी मुलांना सक्तीच्या सैनिकी सेवेचं बोलावणं जातं. ‘आत्ता नको’ म्हणणाऱ्यांचे अर्ज वाचायचे आणि हो की नाही ते सांगायचं, हे काम त्यांनी बावीस वर्षं केलं. जन्म इथलाच, मरीन परेड भागातला. घरात पुणेरी मराठी आणि त्या मराठीला शोभेल अशी शिस्त.

नोकरीच्या पहिल्याच वर्षी कुणीतरी त्यांच्या आईला गाठून म्हणालं, “आपल्या माणसाचं बघायला सांगा हं.” दुसऱ्या दिवशी शुभदाताईंनी साहेबांना लिहून दिलं, की यापुढे एकही मराठी फाइल माझ्याकडे नको. तेव्हापासून त्या फायली शेजारच्या टेबलावर जाऊ लागल्या. अलीकडे तिथे मेजर टॅन बसत. वशिला लावणारी माणसं टाळायची म्हणून ताईंनी मराठी मंडळाचा गणपतीही सोडला. आरतीला जावंसं फार वाटायचं, पण गेल्या नाहीत.

गेल्या वर्षी एका रविवारी त्या नेहमीप्रमाणे ईस्ट कोस्टच्या किनाऱ्यावर फिरायला गेल्या, तर बाकावर सेंगकांग वस्तीतली विभा कांबळे वाट बघत बसलेली. मांडीवर डबा, शेजारी चौदा वर्षांची मुलगी दीक्षा.

“ताई, आमच्या तन्मयचा अर्ज नामंजूर झालाय. तुम्ही एक शब्द टाकलात तर...”

“टाकणार नाही. आणि तो डबा पिशवीत ठेवा.”

“युनिव्हर्सिटीत सीट मिळालीय हो त्याला.”

“शिक्षणासाठी मुदत मिळत नाही. सगळ्या गावाला ठाऊक आहे.” ताई चालू लागल्या.

मागून दीक्षा तिच्या सिंगापुरी ढंगात ओरडली, “आंटी, स्टडीज नाही लाह! पप्पा एट मंथ्स रूममधून बाहेरच आले नाहीत. दादा त्यांना आंघोळ घालतो, मेडिसिन देतो. मम्मा दिवसभर लॅबमध्ये असते.”

“दीक्षा!” विभानं तिचा दंड धरला.

ताई परत फिरल्या. “हे अर्जात लिहिलंत?”

“कसं लिहिणार? ह्यांना वेड लागलंय म्हणतील. उद्या हिचं लग्न करायचंय.”

ताईंना भयंकर राग आला. निम्मा राग विभावर होता, निम्मा स्वतःवर. टॅन बिचारा लिहिलेलं वाचणार. न लिहिलेलं वाचू शकणारं माणूस त्या कचेरीत एकच होतं आणि त्यानं बावीस वर्षं या फायलींकडे पाठ केली होती. अशा किती आया मूग गिळून परत गेल्या असतील? नियम बरोबर होता, हे त्यांना अजूनही पटत होतं. पण आत कुठेतरी फार दुखलं.

“फेरविचाराचा अर्ज करा,” त्या म्हणाल्या. “खरं लिहा. डॉक्टरांचा कागद जोडा. मी फाइल उघडणार नाही, कुणाशी बोलणार नाही. आणि आपली ही भेट उद्या कचेरीत लिहून देणार आहे.”

“तुमच्यावर काही आलं तर?”

“येऊ दे. तुम्ही लिहिताय की नाही, ते सांगा.”

विभानं दीक्षाकडे पाहिलं. “लिहिते,” ती म्हणाली.

ताईंनीही शब्द पाळला. त्या महिन्यात विभागप्रमुख म्हणून त्यांचं नाव चाललं होतं. भेटीबद्दल लिहून दिलेल्या त्या एका कागदावरून चौकशी बसली, चार महिन्यांनी त्या निर्दोष ठरल्या, तोवर खुर्ची दुसऱ्याची झाली होती. त्यांनी ना तक्रार केली, ना टॅनला कांबळ्यांबद्दल अवाक्षर विचारलं.

यंदा मे महिन्यात विभा पुन्हा त्याच बाकावर दिसली, मांडीवर तसाच डबा. या खेपेला ताई आपणहून थांबल्या.

“शेजारच्या बेटावरचं सुरुवातीचं ट्रेनिंग संपवलं तन्मयनं. तेवढे आठवडे ह्यांना सांभाळायला माझा भाऊ आला होता गावाहून,” विभानं सांगितलं. “आता फेरविचारात घरी राहून ड्यूटीला जायची परवानगी मिळालीय. रोज संध्याकाळी येतो.” “आणि ताई, काल ह्यांनी त्याचे बूट पॉलिश केले. हॉलमध्ये बसून.”

ताईंचे डोळे भरून आले आणि त्यांनी ते पुसलेही नाहीत.

“फाइल बंद झाली?”

“झाली.”

“मग तो डबा द्या इकडे.”