कानशीचं वजन

खोटं कशाला बोलू? माझ्या जावेचा, मायाचा पवन दिसला की माझा जीव जळतो. माझ्या वैष्णवीपेक्षा चार महिन्यांनी लहान, पण कसा गुबगुबीत! असणारच की. मायाचा नवरा आष्टीला पेट्रोल पंपावर, ती घरी. पोराला सकाळी दूध, दुपारी अंगणवाडीतली खिचडी. आमी नवरा-बायको दिवाळी झाली की कोयता घेऊन कारखान्याला. सहा महिने पोर उसाच्या फडात. मी मोळ्या बांधायची न् ती पाचटावर बसून शिळी भाकर चघळायची.

औंदा माघारी आलो तर अंगणवाडीच्या गीताबाईंनी वैष्णवीला काट्याला टांगलं. दोन वर्सांची पोर, आठ किलोसुद्धा भरली न्हाई. नाव लाल खान्यात लिहिलं. लाल खान्यातल्या लेकरांना रोज एक अंडं जास्तीचं. माया तिथंच हुती, पवनला कडेवर घेऊन.

"काय गं वनिता, पोरीला खाऊ घालीत न्हाईस का?" म्हणली.

त्या दिवशी मला घास गेला न्हाई.

पुढच्या महिन्यात वजनाच्या दिवशी मी कोयत्याला धार लावायची कानस घेतली, फडक्यात गुंडाळली न् पोरीच्या पोटाला बांधली. वरनं जाड झबलं. पोरीच्या अंगात कणकण हाय, कपडे काढू नका, असं गीताबाईंना सांगितलं. काटा आठाच्या पुढं गेला. बाई हरखल्या, नाव पिवळ्या खान्यात लिहिलं. मी मायाकडं बघितलं. लई दिवसांनी मान वर झाली हुती.

दुसऱ्या दिवशी वैष्णवी रोजच्यासारखी रांगेत बसली. गीताबाई जास्तीची अंडी वाटत आल्या न् तिच्यापुढनं तशाच गेल्या. लाल खान्यात आता तिचं नाव न्हवतं. पोरगी हात पुढं करूनच बसली. रडली बी न्हाई. फडात रडून काही मिळत न्हाई, हे तिला ठावं झालेलं.

मी घरी पळाले, कानस आणली न् टेबलावर ठेवली. माया दारातच उभी. तिच्यादेखत बोलायचं म्हणजे मरणच.

"बाई, काल ही पोटाला बांधली हुती. परत तोला."

गीताबाई लई बोलल्या. मी ऐकून घेतलं. काटा आठाच्या खाली आला तवा जीव भांड्यात पडला. बाईंनी नाव परत लाल खान्यात लिहिलं न् पोरीपुढं अंडं ठेवलं.

माया डोळे पुसत अंडं सोलायला पुढं झाली. मी तिच्या हातातनं ओढूनच घेतलं. माझ्या लेकीला मी भरवीन, म्हणलं.