जड स्टेअरिंग

क्लच बघायचा तर ट्रॅक्टर मधून फोडावा लागतो. इंजिनाचा भाग एकीकडं, गिअरबॉक्स आणि मागची चाकं दुसरीकडं, आणि मधे माणूस शिरेल एवढी फट. केडगावला माझ्या मेहुण्याचं, म्हणजे बायकोच्या धाकट्या भावाचं, गॅरेज आहे. तिथं त्यानं आमचा छोटा ट्रॅक्टर असा फोडला तेव्हा मी शेजारीच उभा होतो आणि बायको शेडच्या दारात उलट्या क्रेटवर बसली होती. निमोण्याहून ट्रॅक्टर टेम्पोत घालून आणला होता. ती टेम्पोत पुढं बसून आली, मी मागून मोटरसायकलवर. ट्रॅक्टरचं इंजिन ओरडायचं आणि चाकं मात्र जागची हलायची नाहीत, इथवर पाळी आली होती.

मेहुण्यानं क्लचप्लेट काढून उजेडात धरली. अस्तर झिजून रिवेट उघडे पडलेले. प्लेट जिथं घासते त्या फ्लायव्हीलवर जळाल्याचे निळे डाग.

"आक्के, क्लचवर पाय ठिवून झोपतीस का काय गं?"

"न्हाई रं."

"मग ही उंदरानं खाल्ली व्हय?" तो हसला. "दाजी, तुम्ही तरी सांगायचं. एवढे फॅक्टरीतले मेंटेनन्सवाले तुम्ही, आन् घरात हाफ क्लचवर गाडी चालतीय!"

ती हसली नाही. पदरानं हात पुसत म्हणाली, "माझंच चुकलं आसंल. मी आता न्हाई बसायची ट्रॅक्टरवर. कोण गिऱ्हाईक आलं तर देऊन टाक हितूनच."

मी एकूणच कमी बोलतो. लोकांना तो शहाणपणा वाटतो.

प्लेट बघितल्याबरोबर मला कळलं होतं की ती का झिजली. ते कळण्यासाठी मला वाकूनही बघावं लागलं नव्हतं.

आमची डाळिंबाची बाग आहे. हा ट्रॅक्टर दोन ओळींमधून जाईल एवढाच रुंद. घेतला तेव्हाच जुना होता, पण पॉवर स्टेअरिंगचा. बायको त्याच्यावर शिकली ती मी कारखान्यात पाळीला गेल्यावर, एकटीच, रिकाम्या वावरात. त्याआधी बागेतली मशागत माझ्या सुट्टीची वाट बघायची. मी फवारणीला निघालो की ती बांधावर चहा घेऊन यायची. शिकल्यानंतर चहा बंद झाला असं नाही. पण मी सुट्टीला उठायचो तोवर काम झालेलं असायचं आणि मी चहा पिऊन नुसता बसायचो. मग शेजारच्या वस्तीवरून बोलावणं येऊ लागलं. झेंडूत माती मोकळी करायला छोटा रोटर मारायचाय, मालकिणीला पाठवा. पारावर एक आप्पा मला म्हणाले, "आता तुमाला काय, पेन्शनच लागली की!" सगळे हसले. मीही हसलो. बरं वाटलं नाही.

त्याच सुमाराला पुढच्या अ‍ॅक्सलवरच्या स्टेअरिंग सिलिंडरमधून तेल गळायला लागलं आणि स्टेअरिंग जड होऊ लागलं. त्याच्या आतलं रबरी सील गेलं होतं. मी रांजणगावच्या एका कारखान्यात आयुष्यभर हायड्रॉलिक प्रेसचे असले सिलिंडर खोलत आलोय. एका दुपारचं काम. मी तिला सांगितलं, "जुनी गाडी हाय. पॉवर गेली म्हंजी गेलीच. पार्ट मिळत न्हाईत." मला वाटलं, जड झालं की सोडेल.

तिनं सोडलं नाही.

एक गोष्ट लिहायला हात धजत नाही, पण लिहितो. मी स्टेअरिंगच्या टाकीत अधूनमधून तेल टाकायचो. पंप कोरडा पडून जळू नये इतकंच. स्टेअरिंग हलकं होईल इतकं नाही. पंपाची काळजी मी घेतली.

ओळ संपली की बागेत जागेवर वळावं लागतं. उभ्या ट्रॅक्टरचं जड स्टेअरिंग बाईच्या काय, गड्याच्या हातानंही वळत नाही. चाक जरा सरकत असलं तर वळतं. हे तिला कुणी सांगितलं नव्हतं, तिनंच शोधून काढलं. प्रत्येक ओळीच्या टोकाला ती क्लच अर्धा दाबून ट्रॅक्टर मुंगीच्या पावलानं सरकत ठेवायची आणि दोन्ही हातांनी, खांदा लावून, स्टेअरिंग ओढायची. तो अर्धा दाबलेला क्लच ती प्लेट खात होता. आणि रात्री जेवणं झाली की मी तिच्या उजव्या खांद्याला तेल लावून चोळायचो. ती म्हणायची, "तुमच्या हाताला गुण हाय."

मेहुणा नवी प्लेट फडक्यानं पुसत होता. ती क्रेटवरून उठून आत आली आणि ट्रॅक्टरच्या बॉनेटवर हात ठेवून उभी राहिली. गाय विकायच्या आधी माणसं ठेवतात तसा हात. ते मला बघवेना.

"तिचं न्हाई चुकलं," मी म्हणालो. "स्टेअरिंग जड व्हतं म्हणून ती हाफ क्लचवर वळवत व्हती. दुसरा इलाज नव्हता तिला."

"बरोबर हाय, पण पॉवरचे पार्ट मिळत न्हाईत म्हणाला व्हता ना तुम्ही?" मेहुणा म्हणाला.

"मिळत्यात."

मी बाहेर गेलो, मोटरसायकलची डिक्की उघडली आणि सीलचं पाकीट आणून इंजिनावर ठेवलं. शिरूरहून घेतलेलं. प्लॅस्टिकवर धूळ बसून चिकटली होती.

"कवा आणलं हे?" बायकोनं विचारलं.

"दिवाळीच्या आधी."

"मग?"

"लावलं न्हाई. तू बसू नयेस म्हणून."

मेहुण्यानं एकदा माझ्याकडं, एकदा बहिणीकडं बघितलं. हातातला पाना त्यानं माझ्यापुढं धरला. "क्लच मी बसवतो. सिलिंडर तुम्ही खोला," एवढंच म्हणाला. दाजी म्हणाला नाही.

मी सिलिंडर काढला, रॉड साफ केला, जुनं सील उचकटलं. ते हातात घेतल्यावर तुकडे झाले. नवं सील तेलात बुडवून बसवलं. तोवर मेहुण्यानं क्लच बसवून ट्रॅक्टर जोडून घेतला. जवळच्या रेल्वे स्टेशनात एक गाडी येऊन गेली.

पाइपात हवा राहिली तर स्टेअरिंग झटके देतं. ती काढायला पुढची चाकं जॅकवर उचलून, इंजिन चालू ठेवून, स्टेअरिंग सावकाश या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवावं लागतं, आणि एकानं टाकीत बघत राहावं लागतं, बुडबुडे थांबेपर्यंत. मेहुणा मुद्दाम हात धुवायला निघून गेला असावा. बायको सीटवर चढली. मी टाकीपाशी.

"डावीकडं. सावकाश," मी म्हणालो. "आता उजवीकडं."

टाकीत फेस आला. मी तेल ओतलं. तिनं परत फिरवलं. इंजिनाच्या आवाजात ती वरून म्हणाली, "येवढे दिस खांदा चोळत व्हता माझा. तवा काय वाटायचं तुमाला?"

खोटं सांगता आलं असतं. वाईट वाटायचं, असं.

"बरं वाटायचं," मी म्हणालो.

तिनं स्टेअरिंग थांबवलं. बुडबुडे एकेक करून वर येत होते. मी मान वर केली नाही.

"माणसानं दुखल्यावरच जवळ यायचं आसतं व्हय?" ती म्हणाली. आवाजात राग होता, पण सगळा राग नव्हता. "नुसतं बसला आसता शेजारी तर काय मी उठ म्हणाले आसते?"

तिनं परत स्टेअरिंग फिरवलं, डावीकडं, मग उजवीकडं, आता एका हातानं. तेल शांत झालं. मी झाकण लावलं आणि जॅक उतरवला.

टेम्पो परत बोलवायचा होता. ती म्हणाली, नको. "मी चालवत नेते."

"एवढ्या लांब? रोडनं?" मेहुणा म्हणाला.

"रोडनंच. हवेतून कशी नेऊ?" मग माझ्याकडं वळून, "तुम्ही पुढं व्हा. बागंला पाणी सोडायचंय. आन् माझ्या मागं मागं येऊ नका."

मी निघालो. पारगावच्या पुलावर भीमेचं पाणी चांगलं होतं. तिथं कडेला थांबावं आणि ती दिसेपर्यंत उभं राहावं, असं फार वाटलं. गाडीचा वेग कमीही केला. मग थांबलो नाही. घरी येऊन ठिबकचा कॉक उघडला, गुरांना वैरण टाकली, भात लावला. दोनदा रस्त्यापर्यंत जाऊन आलो.

दिवस मावळताना आवाज आला. माझ्या अंदाजापेक्षा बऱ्याच उशिरानं. तिनं ट्रॅक्टर अंगणात घेतला, एका दमात वळवून शेडखाली लावला आणि बंद केला. केसांत धूळ, चेहरा उन्हानं तापलेला.

"उशीर झाला," मी म्हणालो. विचारायचं नव्हतं, पण तोंडातून निघून गेलं.

"न्हावऱ्यात थांबले. ट्रॅक्टर कडेला लावला आन् भेळ खाल्ली. एकटीनं." तिनं कागदाची पुडी माझ्या हातात दिली. "तुमाला आणलीय. मऊ पडली आसंल."

मऊच पडली होती. आम्ही दोघं पायरीवर बसलो आणि मी ती सगळी खाल्ली.