आमच्या घरातलं पाप

नाशकात सोनोग्राफीचं मशीन नुकतंच आलं होतं, तेव्हाची गोष्ट. मला पाचवा महिना लागायचा होता. तपासणी झाल्यावर डॉक्टरीणबाईंनी यांनाही आत बोलावलं आणि सांगितलं, की बाळाच्या डोक्याची कवटीच तयार झालेली नाही. असं मूल पोटातच जातं, नाहीतर जन्मल्यावर काही तासांत. पुढं काय करायचं ते आम्ही ठरवायचं होतं. कायद्यानं अजून मुभा होती, पण फार दिवस नव्हती.

आम्ही पंचवटीत एकत्र राहायचो. सासरे आणि थोरले दीर रामकुंडावर यजमानांची श्राद्धं, पिंडदानं करायचे. हे नाशिक रोडला प्रेसमध्ये नोकरीला. घरी सांगितलं तशी सासूबाईंनी जेवणाचं ताट बाजूला सारलं. देवानं दिलेलं आपण खुडायचं नाही, जगेल तितकं जगू दे, म्हणाल्या. सासरे खाली मान घालून जेवत राहिले. म्हणजे पोट वाढताना बघायचं, बायकांनी ओटी भरायची, डोहाळे पुरवायचे, आणि शेवटी हातात काय येणार ते मला आधीच माहीत. यांनी मला एकटीला गाठून विचारलं, "तुला काय वाटतं?" त्या घरात तो प्रश्न मला विचारणारे ते एकटेच. मी म्हटलं, उद्याच जाऊ.

दवाखान्यातून मोकळी होऊन घरी आल्यावर दूध सुटलं. ब्लाउज भिजायचे, आणि कुणाला सांगायची सोय नव्हती. सासूबाईंनी देवघरात यायला मनाई केली. सुतक म्हणून नव्हे, पाप म्हणून. जगाच्या मेलेल्यांना पिंड देणारं आमचं घर, पण माझ्या बाळासाठी कुणी ओंजळभर पाणीही सोडलं नाही. थोरल्या जाऊबाईंच्या धाकटीच्या वाढदिवसाला औक्षणाचं तबक माझ्या हातून काढून घेतलं.

पुढच्या वर्षी जाऊबाईंना दिवस राहिले. दोन मुली होत्याच. दीर त्यांना एका यजमानांच्या ओळखीनं मुंबईला घेऊन गेले. पोटातलं पाणी काढून तपासतात, एवढंच माझ्या कानावर आलं. निकाल कळल्यावर पुन्हा नेलं, आणि त्या परतल्या त्या पिवळ्या पडून. सासूबाईंनी त्यांना स्वतःच्या हातानं शिरा करून भरवला. चार दिवसांनी न्हाऊ घालून देवापुढं नेलं.

त्या दुपारी जाऊबाई माझ्या खोलीत येऊन बसल्या. म्हणाल्या, "तुझ्या बाळाला डोकं नव्हतं गं. माझीला सगळं होतं."

मी तशीच उठून स्वयंपाकघरात गेले आणि सासूबाईंना विचारलं, की माझं ते पाप, तर हे काय? त्या तांदूळ निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "ते वेगळं, हे वेगळं."

आम्ही नाशिक रोडला बिऱ्हाड केलं. जाऊबाईंना नंतर मुलगा झाला. बारशाला मी गेले. त्या पाळण्याची दोरी धरून बसल्या होत्या, कुणाकडं बघत नव्हत्या, आणि जमलेल्या बायका सासूबाईंना सांगत होत्या, की तुमची पुण्याई मोठी.