दाराबाहेरच्या चपला

मुलाच्या प्रवेशासाठी कॉलेजच्या गारेगार ऑफिसात बसले होते. लेकीला घेऊन आलेल्या एका गृहस्थांनी काचेच्या दाराबाहेर चपला काढल्या. "काका, घालूनच या," शिपाई हसत म्हणाला. तरी ते अनवाणीच आत आले. लेक खाली बघत राहिली.

माझ्या प्रवेशाच्या वेळी आमच्या अण्णांनीही अश्शाच चपला काढल्या होत्या. मी लाजून चार पावलं लांब उभी राहिले होते. तेव्हाची फी मात्र त्यांच्या पगारातून भागली, शिवाय घरी येताना आम्ही उसाचा रसही प्यायलो.

गृहस्थांनी फीचा कागद दोनदा वाचला. "घरी विचार करून येतो, साहेब," म्हणत ते उठले. लेक झटकन पुढे गेली आणि वाकून तिनं चपला त्यांच्या पायांपुढे सरळ मांडल्या.

एवढं मला तेव्हा सुचलं नव्हतं.