मातीच्या फुलावरचा अंगठा

"थांबा, ऊन येऊ द्या," म्हणत काका भर रस्त्यात उभे राहायचे. मागून रिक्षावाले शिव्या घालायचे, पण यांचं सगळं लक्ष दुकानांच्या माथ्यावर.

तुम्हीही नाशिकच्या मेन रोडवरून कितीदा गेला असाल. पाट्यांच्या वर कधी पाहिलंत? जुन्या पेढ्यांवर भाजक्या मातीची फुलं, पोपट, द्राक्षांचे घड होते. नव्वदच्या दशकात त्या पेढ्या एकेक करून पडत होत्या आणि काका त्या नक्षीचे फोटो काढत हिंडत होते. त्यांचा फोटो स्टुडिओ माझ्या घड्याळांच्या दुकानाला लागून; सगळा रस्ता त्यांना काकाच म्हणायचा. गिऱ्हाईक आत ताटकळत असायचं आणि हे शिडी घेऊन बाहेर. काकू म्हणायच्या, यांना माणसांपेक्षा पोपटांचं कौतुक जास्त.

कारण मला उशिरा कळलं. ती फुलं घडवणाऱ्या कारागिरांत त्यांचे वडीलही होते. काका तान्हे असतानाच ते गेले. लोकांच्या वडिलांचे फोटो मोठे करून देण्यात काकांचा जन्म गेला, स्वतःच्या वडिलांचा एकही नव्हता. आई एवढंच सांगायची, की माती कापायच्या तारेनं त्यांचा अंगठा आडवा चिरला होता.

एका पावसाळ्यात, कापडाच्या पेढीवरच्या फुलाची धूळ पुसताना, तो अंगठा काकांच्या बोटाला लागला. मातीत रुतलेला, मधोमध आडवी रेघ. शिडीवरून उतरले ते रडतच. फ्लॅशनं सगळं सपाट दिसेल, म्हणाले. पाऊस सरला की सकाळचं तिरपं ऊन तिथं पोचेल, मग ठसा उठून दिसेल. ते दोन महिने माणूस नुसता हरखून गेला होता.

दसऱ्याच्या सुमाराला ऊन आलं. आम्ही गेलो. फूल लालभडक ऑइलपेंटनं चकाकत होतं. पेढीचे शेठ हसत बाहेर आले.

"काका, खास तुमच्यासाठी रंगवून घेतलं. मध्ये खड्डा होता, तोही पुट्टीनं बुजवला. आता फोटो छान येईल."

मी तोंड उघडणार तोच काकांनी माझा दंड दाबला. चांगलं केलंत, म्हणाले. मग शेठना फुलाखाली उभं केलं, त्यांची टोपी सरळ केली आणि फोटो काढला.

कोपऱ्यावर येऊन ते एका बंद दुकानाच्या पायरीवर बसले. "इतक्या प्रेमानं केलं रे त्यानं," म्हणाले. "त्याला कसं सांगू, माझा बाप बुजवलास म्हणून?"

त्यानंतर काका मेन रोडवरून मान खाली घालून चालायचे. थोड्याच वर्षांत गेले. शेठ खांदा द्यायला आले होते. वाटेत मला हळूच म्हणाले, "माझा इतका चांगला फोटो दुसऱ्या कुणी काढला नाही."

"खरं आहे," मी म्हणालो. रडू मात्र आवरलं नाही.