बॅटरीवरचं ओलं गोणपाट

पावणे गावचा हिरामण आधी मिठागरात राबला. जमीन कारखान्यांसाठी गेली, तेव्हा गावातल्याच एका कारखान्यात लागला. तिथे पिंपं वाहणारी विजेवरची गाडी होती आणि तिची बॅटरी चार्ज करणं हे त्याचं काम. सगळे त्याला बॅटरीवाला म्हणायचे. तोही जरा ताठ मानेनेच चालायचा. का नाही चालणार? गाडी आख्खी पाळी न थांबता पळायची ती कुणाच्या जिवावर?

उन्हाचं त्याला कुणी शिकवलं नव्हतं. मिठागरात ऊन पाणी ओढून नेतं आणि मीठ मागे ठेवतं. बॅटरीतलंही पाणीच उडतं, ॲसिड मागे राहतं, हे त्याला पहिल्याच उन्हाळ्यात उमगलं. दुपारी गाडी पत्र्याच्या शेडमध्ये आली की तो बॅटरीच्या पेटीला हात लावायचा. चटका बसला की चार्जरचं नाव नाही. पेटीच्या बाजूंना ओली गोणपाटं बांधायची, उन्हं कलल्यावर बॅटरी चार्जिंगला लावायची आणि शेवटी बाटलीतलं शुद्ध पाणी घालायचं. गोणपाटं त्याची बायको गोजरा तांदळाच्या पोत्यांची शिवून द्यायची, निळ्या दोऱ्याने. मिठाचं पोतं तर तो शेडच्या दारातही येऊ देत नसे.

हे सगळं त्याने सुधीरला शिकवलं. सुधीर परळचा, इलेक्ट्रिशियन म्हणून लागलेला. दुपारी हिरामणच्या घरी भाकरी आणि सुकट खायचा, गोजराला वहिनी म्हणायचा. एकदा जेवताना हिरामणने त्याला आपली फजिती सांगितली. कामावरच्या पहिल्या आठवड्यात त्याने बॅटरीच्या एका कप्प्यात गावच्या विहिरीचं पाणी ओतलं होतं. खारंच ते. कप्पा कामातून गेला होता.

"कोनाला बोलू नको रं. हसतील."

"माझ्या पोटात राहील, दादा," सुधीर म्हणाला होता.

चौऱ्याऐंशीचा मे महिना. सुधीर आता सुपरवायझर झाला होता. मोठी ऑर्डर आली आणि एकाच बॅटरीवर दोन पाळ्या काढायचं ठरलं.

"दादा, गाडी आली की लगेच चार्जिंगला लावा."

"भट्टी झालीय तिची. आता लावली तर मरंल ती."

"टेन्शन घेऊ नका. जबाबदारी माझी."

आपलाच माणूस बोलतोय म्हटल्यावर हिरामणने लावली. रोज भर दुपारी बॅटरी तापायची, उकळायची, पाणी खाली जायचं. तो पुन्हा भरायचा आणि पुन्हा सुधीरकडे जाऊन सांगायचा. तिसऱ्या आठवड्यात गाडी पिंपांसकट अर्ध्या वाटेत उभी राहिली, ती हललीच नाही. बॅटरी खोलली तेव्हा आतल्या पट्ट्या वाकून गेल्या होत्या.

मॅनेजरने दोघांना बोलावलं. हिरामण निर्धास्त होता. जबाबदारी कुणाची, ते ठरलेलं होतं.

सुधीर जमिनीकडे बघत म्हणाला, "साहेब, यानं विहिरीचं पाणी घातलं असणार. मिठागरातला माणूस. आधीही घातलंय. विचारा त्यालाच."

हिरामणने मान वळवून त्याच्याकडे पाहिलं. आपल्या घरात, आपल्या ताटावर बसून ऐकलेली गोष्ट हा मेला इथे काढतो?

"घातलं होतंस का कधी?" मॅनेजरने विचारलं.

नाही म्हणाला असता तर सुटला असता. पण तेवढं त्याला जमलं नाही.

"एकदा. सात वर्सं झाली त्याला. पन आता..."

"बस," मॅनेजर म्हणाला.

हिरामणला गेटवर बसवलं. शेडमध्ये जायची बंदी झाली. गावभर झालं की बॅटरीवाल्याने खारं पाणी ओतून बॅटरी मारली. लोकांना ते पटलंही. मिठागरवाल्याबद्दल पटायला कितीसा वेळ लागतो!

नवी बॅटरी आली. एका दुपारी चिठ्ठी द्यायला हिरामण शेडच्या दारापर्यंत गेला. आत चार्जर बंद होता आणि पेटीभोवती ओली गोणपाटं बांधलेली होती, निळ्या दोऱ्याची.

"गरम असताना चार्ज करायचीच नाही, साहेब," सुधीर मॅनेजरला सांगत होता. "आधी थंड होऊ द्यायची. ही माझी पद्धत."

मॅनेजरने त्याची पाठ थोपटली. म्हणजे शिकवलेलं सगळं याच्या ध्यानात होतं. तेव्हाही होतं. हिरामणने चिठ्ठी दारातच कुणाच्या तरी हातात दिली आणि तो परत फिरला.

संध्याकाळी गोजराने विचारलं, "शेडातली गोनपाटं आनली नाय? फाटली असतील, शिवून देते."

"नको," हिरामण म्हणाला. "त्याची झाली ती."